केशरी चिठ्ठीच्या यंत्राचं गूढ

अशी कल्पना कर, की मार्च महिना आहे, बाहेर गुडघाभर बर्फ आहे आणि तू ऑर्लो ब्राटवोल्डच्या दुकानात उभा आहेस. किंवा उभी आहेस. बुटांवरचा बर्फ वितळून पायाखाली तळं साचतंय, त्याची काळजी करू नकोस, ऑर्लो काही बोलणार नाही. एका बाजूला टीव्ही, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याची यंत्रं, आणि मागच्या टाकीत गळाला लावायचे छोटे जिवंत मासे. आमच्या लिटल टॅमरॅकमध्ये माणसं टीव्ही आणि मासे एकाच दुकानातून घेतात. दुसरं दुकान फार लांब आहे, आणि तिथले मासेही ऑर्लोकडूनच जातात.

आता त्या फळीकडे बघ. काळं, चपटं, चकचकीत यंत्र दिसतंय? त्यात तबकडी सरकवली की टीव्हीवर इतकं स्वच्छ चित्र उमटतं, की वाघाच्या मिशा मोजून घ्याव्यात. त्यावर एक केशरी चिठ्ठी चिकटवलीय. चिठ्ठीवरची किंमत खोडलेली, तिच्याखालची खोडलेली, तिच्याही खालची खोडलेली. शेवटी जी उरलीय, तेवढ्यात बर्फातले बरे बूटसुद्धा येत नाहीत.

घेशील? थांब, घाई करू नकोस. आधी तुला माझ्या भावाची ओळख करून द्यायला हवी. खरं तर ती तो स्वतःच करून देतो. तो घरी नसताना फोन केलास, तर निरोपाच्या यंत्रातून आवाज येतो:

"आपण फोन केला आहे वेंडेल क्विस्ट यांना. उत्तर मिनेसोटातले अग्रगण्य खाजगी गुप्तहेर. नजर गरुडाची, कान हरणाचे, नाक अस्वलाचं. जिथे पोलीस हात टेकतात, तिथे मी पाय रोवतो. आपण निरपराध असाल तर निरोप ठेवा. अपराधी असाल तर ठेवू नका, मला कळेलच."

वेंडेलनं आजवर एकच गुन्हा उघडकीला आणलाय. चर्चच्या तळघरातून नाहीसा झालेला कॉफीचा मोठा थर्मास त्यानं शोधून काढला. तो त्याच्याच गाडीत होता.

मी लोइस, त्याची थोरली बहीण. जन्मभर इथल्या शाळेत तिसरीला शिकवलं, त्यामुळे सगळं गाव मला अजून क्विस्टबाई म्हणतं. वेंडेलनं नोकरीभर घरोघरचे पाण्याचे मीटर वाचले. इतकी वर्षं पाणी मोजल्यावर कुणाचंही पाणी आपण एका नजरेत जोखतो, अशी त्याची समजूत झाली. त्याच्या तपासात मी मदतनीस असते, कारण गाडी माझी आहे.

आणखी एक गोष्ट सांगते, तेवढी ध्यानात ठेव. आमच्या गावात वाईट गोष्ट कुणी कुणाच्या तोंडावर बोलत नाही. स्वयंपाक करपला, तर पाहुणे म्हणतात, "वेगळंच लागतंय हं." घराला आग लागली, तर शेजारी दार वाजवून म्हणतो, "जरा उबदार वाटतंय का तुमच्याकडे?" आणि कौतुक? त्याचीही तीच गत. एखादी गोष्ट जीव ओवाळून टाकावा इतकी आवडली, तर आमची माणसं फार फार तर म्हणतात, "फार वाईट नाही." याच्यापुढे शब्द नाहीत. काही खायला-प्यायला देऊ केलं, तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. ताटातला शेवटचा तुकडा कुणीच संपवत नाही. जो येतो तो त्याचा अर्धा कापून घेतो, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा, असं करत शेवटी नखाएवढी केकची वडी संध्याकाळपर्यंत ताटात बसून राहते.

तर एका सोमवारी एल्ना हाकाला माझ्या स्वयंपाकघरात आली. चौथीतली पोर, डोक्यावर लाल लोकरी टोपी. वेंडेल तिथेच बसला होता, कारण माझं स्वयंपाकघर हेच त्याचं कार्यालय.

"वेंडेलकाका, मला तुमची मदत हवीय."

"बस. काही बोलू नकोस. मीच सांगतो." वेंडेलनं डोळे बारीक केले. "तू चालत आलीस. बाहेर बर्फ पडतोय. आणि तुला सर्दी झालीय."

"सर्दी नाही झाली."

"होईल," वेंडेल गंभीरपणे म्हणाला. "मी नेहमी दोन दिवस पुढे असतो."

मी एल्नाला कोको दिला. तिनं तो पहिल्याच खेपेला घेतला. पोर अजून लहान होती, रीत पुरती अंगात मुरलेली नव्हती.

तिची गोष्ट अशी. तिचे आजोबा रेइनो, ज्यांना ती फिनिश घरांतल्या रीतीनं 'उक्की' म्हणते, ते तरुणपणी जंगलात लाकूडतोडीवर होते. तिथे फांदी लागून एक डोळा गेला. उरलेल्या डोळ्यावर हळूहळू मोतीबिंदू चढला. गेली काही वर्षं उक्की टीव्ही बघत नव्हते, ऐकत होते. मध्यंतरी गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या स्पर्धेत त्यांना सोडतीत मोठा थोरला चपटा टीव्ही लागला, आणि ते त्याच्यासमोर बसून रेडिओसारखा तो ऐकत राहिले. आता शुक्रवारी शस्त्रक्रिया होती. शनिवारी सकाळी पट्टी सुटणार होती.

"उक्की मला टोपीच्या रंगावरून ओळखतो," एल्ना म्हणाली. "पट्टी सुटली की त्याच्यासमोर एकदम स्वच्छ काहीतरी ठेवायचंय मला. पिसन् पीस दिसेल असं. त्याला पक्षी आवडतात. मी सगळा हिवाळा लोकांच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढलाय. त्यात एकच वस्तू येईल. ऑर्लोकाकांकडचं ते यंत्र येईल. पण ते इतकं स्वस्त का आहे? सवलतीतला माल ते परत घेत नाहीत. चुकलं तर मग उक्कीला द्यायला काहीच उरणार नाही."

"आईला विचारलंस?" मी म्हटलं.

"आई म्हणाली, तुझी कमाई, तू ठरव."

वेंडेल उठला. त्यानं कोट चढवला, मग टोपी, मग हातमोजे, मग चेहरा झाकायचा गळपट्टा. आता त्याचं नाक तेवढं दिसत होतं. "लोइस," तो आतून म्हणाला, "गाडी काढ. ही साधी सवलत नाही. हा कट आहे."

दुकानात ऑर्लो चड्डीवर उभा होता. पारा नुकताच गोठणबिंदूच्या वर चढला होता, आणि तेवढं झालं की आमच्याकडचे पुरुष गुडघे उघडे टाकतात.

"हे यंत्र कसं आहे?" वेंडेलनं विचारलं.

ऑर्लोनं कान खाजवला. "हं. यंत्र आहे खरं."

"चांगलं आहे?"

"वेगळंच आहे."

"घ्यावं का?"

"घेणारे घेतात." ऑर्लोनं खिडकीबाहेर बघितलं. "बर्फ लांबला यंदा, नाही का? कॉफी घेता?"

"नको," वेंडेल म्हणाला.

"अर्धा कप?"

"नको."

"केलीच आहे म्हणून म्हटलं."

"बरं, अगदी थोडी," वेंडेल म्हणाला आणि भला मोठा पेला भरून घेतला. मग तो मला कोपऱ्यात ओढून कुजबुजला, "बघितलंस? माझ्या नजरेला नजर देत नाहीये. चोरीचा माल!"

"वेंडेल, ऑर्लो कुणाच्याच नजरेला नजर देत नाही. त्याच्या लग्नात त्यानं शपथ घेतली तीसुद्धा फुलदाणीकडे बघून."

"चिठ्ठीवरचं अक्षर बघ. वरच्या किमती एका हाताच्या, शेवटची दुसऱ्या हाताची. टोळी आहे."

"शेवटचं अक्षर त्याच्या बायकोचं आहे. माझ्याच वर्गात होती ती. सात अजून तसाच उलटा काढते."

वेंडेलनं हा सिद्धांत मोठ्या मनानं मागे घेतला आणि लगेच दुसरा काढला. त्यानं यंत्राला नाक लावून हुंगलं आणि विजयी मुद्रेनं मान वर केली. "मासा! हे यंत्र माशांच्या टाकीत पडलेलं आहे. आतून सडलंय."

एल्नानं शेजारच्या टीव्हीचा वास घेतला. मग कपडे धुण्याच्या यंत्राचा. मग माझ्या बाहीचा. "इथं सगळ्यालाच माशाचा वास येतोय, वेंडेलकाका. आता तुम्हालाही येतोय."

मंगळवारी तिसरा सिद्धांत आला. फळीवर काहीतरी सतत लुकलुकत होतं: बारा, बारा, बारा. "हेरांची खूण!" वेंडेल म्हणाला. "बाराच्या ठोक्याला काहीतरी घडणार." आम्ही थांबलो. बारा वाजता ऑर्लोनं दाराला कुलूप लावलं आणि इकडेतिकडे न बघता झपाझप निघून गेला. वेंडेलनं झाडांच्या आडोशानं त्याचा पाठलाग केला. ऑर्लो घरी गेला, सूप प्यायला, परत आला. वेंडेलच्या एका बुटात बर्फ भरला. लुकलुकणारे बारा त्या यंत्राचे नव्हतेच, शेजारच्या मायक्रोवेव्हचे होते. त्याचं घड्याळ कुणी लावलेलं नव्हतं.

बुधवारी वेंडेलनं नजर ठेवायचं ठरवलं. त्यासाठी त्यानं दुकानासमोर गाड्या लावायच्या जागेत आपला मासेमारीचा तंबू ठोकला. तोच, जो लोक गोठलेल्या तळ्यावर लावतात आणि आत बसून भोकातून गळ टाकतात. मी म्हटलं, "तळं तिकडे आहे." तो म्हणाला, "म्हणूनच कुणाला संशय येणार नाही."

आणि खरंच नाही आला. दोन माणसं गाडी थांबवून तंबूपाशी गेली.

"काय वेंडेल, लागतायत का?"

"अजून नाही."

"खोल किती आहे?"

"डांबर लागलं."

"वेगळंच आहे," दुसरा म्हणाला, आणि दोघं मान हलवत निघून गेले.

तंबूत बसून वेंडेल वर्तमानपत्र वाचण्याचं सोंग करत होता. माझ्या शेकोटीजवळच्या रद्दीतला एक अंक त्यानं उचलला होता आणि पहिल्या पानाला डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली होती. त्या भोकांतून त्यानं दिवसभर ऑर्लोवर नजर ठेवली आणि संध्याकाळी जाहीर केलं, की ऑर्लोनं ते यंत्र उचलून एका मोठ्या वॉशिंग मशीनच्या मागे लपवलंय, वर टॉवेल टाकलाय.

"म्हणजे पुरावा दडवतोय! तो ॲरिझोनाला पळून जाणार."

"हिवाळ्यात अर्धं गाव उन्हासाठी ॲरिझोनाला जातं."

"मग ही टोळी मला वाटली त्यापेक्षा मोठी आहे," वेंडेल म्हणाला.

वाटेत वाचनालय लागतं. तिथल्या डोरीनबाईंना मी यंत्राबद्दल विचारलं. त्यांनी आधी पुस्तकांवरची धूळ झटकली, मग खुर्च्या सरळ केल्या. "ते होय? हं. आम्ही वाचनालयासाठी दुसरं घेतलं. पण तेही असेलच की, आपल्या परीनं." एवढं बोलून त्या इतक्या लाजल्या, जणू शिवीच दिली कुणाला. वेंडेल म्हणाला, डोरीनचं आणि ऑर्लोचं जुनं वैर आहे. डोरीन ऑर्लोची सख्खी बहीण आहे.

शुक्रवारी दुपारी उक्कींची शस्त्रक्रिया नीट झाल्याचा फोन आला. एल्ना माझ्याकडे धावत आली. पैशाची थैली गळ्यात होती. "क्विस्टबाई, उद्या सकाळी पट्टी सुटणार. दुकान आज संध्याकाळी बंद होईल. काय करू? घेऊ की नको?"

मी वेंडेलकडे बघितलं. वेंडेल कोट चढवत होता. "सगळ्यांना दुकानात बोलावा," तो म्हणाला. "मी उलगडा करणार आहे."

सगळे म्हणजे ऑर्लो, त्याची बायको, डोरीनबाई, आणि मासे घ्यायला आलेली ती परवाची दोन माणसं. सगळे गोल उभे राहिले. काउंटरवर केकचं ताट होतं आणि त्यात नखाएवढी एक वडी उरली होती.

वेंडेलनं तिच्यावर बोट रोखलं. "या तुकड्याकडे बघा! कुणीतरी हळूहळू, थंड डोक्यानं, पुरावा खाल्लेला आहे."

"शेवटचा अर्धा तू घेतलास," मी म्हटलं.

"तो तपासाचा भाग होता. ऑर्लो ब्राटवोल्ड! हे यंत्र चोरीचं नाही, सडलेलं नाही, हेरांचं नाही. मग राहतं काय? शाप! या यंत्राला शाप आहे. ज्यानं ज्यानं ते घेतलं, त्यानं त्यानं परत आणून टाकलं. म्हणून दर वेळी किंमत खोडली. कबूल कर!"

ऑर्लो मानेपासून कपाळापर्यंत लाल झाला. "कॉफी घेणार का कुणी?" तो क्षीण आवाजात म्हणाला. सगळ्यांनी नको म्हटलं. ही पहिली खेप होती.

तेवढ्यात एल्ना गोलाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मान वर करून तिनं ऑर्लोकडे थेट बघितलं.

"ऑर्लोकाका, हे इतकं स्वस्त का आहे?"

दुकानात असा सन्नाटा पसरला, की टाकीतल्या माशांचे बुडबुडे ऐकू आले. डोरीनबाईंनी छातीला हात लावला. आमच्या गावात कुणी कुणाला असं तोंडावर विचारत नाही.

आणि ऑर्लोचा चेहरा उजळला. आठवडाभर चावणारा बूट पायातून निघावा, तसा.

"हात्तिच्या! कुणी विचारलंच नाही गं!" तो म्हणाला, आणि मग जन्मात बोलला नसेल इतकं एका दमात बोलला. "अगं, या स्वच्छ चित्राच्या तबकड्या दोन जातींच्या निघाल्या. एक एचडी डीव्हीडी, एक ब्लू-रे. हिची तबकडी तिच्या यंत्रात चालत नाही, तिची हिच्यात नाही. दोघींचं भांडण चाललं होतं, आणि गेल्या महिन्यात ब्लू-रे जिंकली. हे हरलेलीचं यंत्र. यंत्रात काही खोट नाही. पण याच्यासाठी नवीन तबकड्या आता निघणार नाहीत. मला ते तुझ्या गळ्यात मारायचं नव्हतं. म्हणून तर आठवडाभर सांगत होतो."

"कधी सांगितलंस?" वेंडेल ओरडला.

"वेगळंच आहे म्हटलं! टॉवेलसुद्धा टाकला!"

"पण ही बातमी होती कुठे?"

"वर्तमानपत्रात," डोरीनबाई हळूच म्हणाल्या. "पहिल्या पानावर."

मी वेंडेलच्या काखेतला अंक काढून घेतला. पहिलं पान उघडलं. 'एचडी' दिसत होतं, त्यापुढे एक भोक. मग 'अखेर', त्यापुढे दुसरं भोक. बातमीच्या आरपार बघून माझा भाऊ दिवसभर बातमी शोधत होता.

"म्हणजे घेऊ नये," वेंडेल घसा खाकरून म्हणाला. "मेलेलं यंत्र. माझा अंतिम निष्कर्ष. मी आधीपासून म्हणत होतो."

पण एल्नाचं विचारून झालं नव्हतं. आणि इथे, बाळा, नीट ऐक, कारण वस्तू महाग की स्वस्त हे चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पण आपल्या कामाची की बिनकामाची, हे कुठल्याच चिठ्ठीवर नसतं.

"ऑर्लोकाका, उक्कीच्या टीव्हीला हे लागेल?"

"लागेल. तार मी स्वतः येऊन जोडतो."

"त्याच्याकडच्या जुन्या साध्या डीव्हीडी यात चालतील?"

"चालतील. आधीपेक्षा थोड्या स्वच्छही दिसतील."

"आणि या हरलेल्या जातीची, पक्ष्यांची तबकडी आहे तुमच्याकडे?"

ऑर्लोनं काउंटरखालून एक टोपली काढली. आत पंधरावीस तबकड्या धूळ खात पडल्या होत्या. त्यानं चाळून एक वर काढली. वेष्टनावर तळं होतं, आणि तळ्यात लून पक्षी. काळं डोकं, लाल डोळा, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी.

एल्ना ती तबकडी हातात घेऊन विचार करत राहिली. वेंडेल माझ्या कानात म्हणाला, "आता ती नको म्हणेल. मी माणसाचं पाणी जोखतो."

"उक्कीला नवीन काही लागतच नाही," एल्ना म्हणाली. "तो रोज तीच लापशी खातो. तीच टोपी घालतो. मला तेच तेच चार किस्से सांगतो. नवीन तबकड्या निघाल्या तरी तो हीच बघेल. मी घेते."

ऑर्लोनं टोपलीच पुढे सरकवली. "ही पण ने. माझ्याकडून."

सगळे थांबले. आता ती नको म्हणणार, ऑर्लो परत म्हणणार, ती परत नको म्हणणार, आणि बाहेर अंधार पडणार.

"हो! थँक्यू!" एल्ना म्हणाली आणि टोपली उचलली.

मासेवाल्यांपैकी एकाला आधारासाठी भिंत धरावी लागली.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे हाकालांच्या बैठकीत जमलो. ऑर्लोनं तार जोडली. वेंडेल दाराशी पहारा देत होता, कशावर ते त्यालाच ठाऊक. एल्ना आत आली, तेव्हा तिच्या डोक्यावर लाल टोपी नव्हती. हे माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणाच्या आलं असेल असं वाटलं नाही.

तिच्या आईनं उक्कींची पट्टी सोडली. म्हातारा डोळा मिचमिचला, पाण्यानं भरला, स्थिरावला. मग दाराकडे वळला.

"एल्ना," उक्की म्हणाले, "बाहेर थंडी आहे. टोपी कुठाय तुझी?"

एल्नानं पटकन यंत्राचं बटण दाबलं.

पडद्यावर तळं उजळलं. धुक्यातून लून पोहत पुढे आला, इतका जवळ, की चोचीवरून ओघळणारा थेंब दिसला. उक्की खुर्चीत पुढे वाकले. पक्ष्यानं मान फिरवली, आणि तो लाल डोळा सरळ त्यांच्याकडे बघू लागला. एका डोळ्यानं एका डोळ्याकडे बघावं तसे ते दोघं बघत राहिले. तबकडी संपेपर्यंत कुणी हललं नाही. ऑर्लोसुद्धा पडद्याकडे सरळ बघत होता.

शेवटी उक्कींनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं आणि म्हणाले, "फार वाईट नाही."

"ग्राहक नाराज!" वेंडेल दारातून म्हणाला. "मी सांगितलं होतं."

सगळ्यांनी एल्नाकडे बघितलं. मला वाटलं, आता ही तोंडावर विचारणार, म्हणजे आवडलं की नाही, उक्की? आठवडाभर गावाला जे जमले नाहीत ते प्रश्न हिनंच तर विचारले होते. पण तिनं काहीच विचारलं नाही. ती उक्कींच्या खुर्चीच्या हातावर चढून बसली आणि तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली.